थापाड्या

ड्राय सापडतो तो थापेने, आणि जगतो तोही थापेवरच.

टीव्हीच्या लाकडी पेटीवर उजव्या बाजूने एक थाप द्यायची. गेलेलं चित्र परत आलं, की समजायचं आत कुठेतरी तो बसलाय. निदानाची ही रीत आमच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती, पण १९८७ साली ती घराघरांत येत होती. आजोबांची थाप वेगळी, धाकट्याची वेगळी, आणि प्रत्येकाला वाटायचं की गुण आपल्याच हाताला आहे. त्या वर्षी मी आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा ट्रेड पुरा करून पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका बोळातल्या दुकानात हाताखाली लागलो होतो. दुकान काकांचं. काका नात्याने माझे कोणी नव्हेत. सगळी गल्ली त्यांना काका म्हणे, म्हणून मीही.

दुकानात ड्रायचं पूर्ण नाव कोणी घेत नसे. ‘ड्राय सोल्डर’ म्हणजे फारच लांबण. “काय निघालं रे?” “ड्राय.” एवढ्यावर बोलणं संपे. गिऱ्हाइकासमोर मात्र काका घसा साफ करत आणि “आत एक जॉइंट सुटला होता” असं सांगत. सुटला होता, हे काही खरं नव्हे. सुटला असता तर कामच सोपं. जो सुटतो तो सांगून सुटतो. टीव्ही ठार बंद पडतो, मीटर लावला की दहा मिनिटांत जागा सापडते. ड्राय सुटत नाही आणि धरतही नाही. तळ्यात-मळ्यात खेळणाऱ्या पोरासारखा तो रेघेवर उभा असतो, आणि आपण ‘तळ्यात’ म्हणालो की हटकून मळ्यात उडी मारतो.

अंगाने म्हणाल तर मुगाच्या डाळीएवढा. बोर्ड उलटा केला की त्याच्यासारखे दोन-चारशे एका रांगेत बसलेले दिसतात. त्यातला निरोगी सांधा ओळखायला काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तो पायाशी पसरलेला असतो, तांब्याच्या चकतीच्या काठापर्यंत पातळ होत गेलेला, आणि मधल्या पायाकडे सह्याद्रीतल्या एखाद्या सोंडेसारखा अलगद चढत गेलेला. कुठे सोल्डर संपलं आणि कुठे तांबं सुरू झालं हे बोटाने दाखवता येऊ नये. ड्राय मात्र गोल, गुबगुबीत, स्वतःत मावलेला. अळवावरचं पाणी जसं पानावर असतं आणि पानाचं नसतं, तसा तो तांब्यावर बसलेला असतो. गोगलगाय अन् पोटात पाय ही म्हण ज्याने केली त्याने सर्किट बोर्ड पाहिला नसणार, पण त्या गुबगुबीत पोटात रेझिस्टन्सचा पाय खरोखरच असतो, आणि पोटाचं त्या पायाशी काही देणंघेणं नसतं.

हे देणंघेणं म्हणजे काय, ते मला समजलं कल्हईवाल्यामुळे. तो आमच्या वाड्यात येऊन भाता लावायचा, पितळेचं पातेलं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाने एक हात फिरवला की सगळं पातेलं आतून चांदीसारखं. एखाद्या ठिकाणी तूप-तेलाचा ओशटपणा राहिला असेल तर तिथे कथील धरत नसे, मोत्यासारखे मणी होऊन इकडून तिकडे पळत असे. तो शिवी हासडून पुन्हा नवसागर टाकी. सर्किट बोर्डावरच्या सोल्डरिंगमध्ये याहून निराळं काही नाही. तेच कथील, फक्त त्या काळी त्यात शिसं मिसळलेलं: त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसं हे उत्तम प्रमाण, १८३ अंशांना एकदम वितळणारं. नवसागराच्या जागी राळ, सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली. तांब्यावर हवेने चढलेला काळपटपणा राळ खाऊन टाकते, आणि मग वितळलेलं कथील उघड्या तांब्यात शिरतं. शिरतं म्हणजे शब्दशः. दोन्ही धातू मिळून सीमेवर तिसराच एक पदार्थ तयार होतो, दर पाच कथलाच्या अणूंमागे तांब्याचे सहा. त्याचा थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनांचा. बोर्डावरचा तांब्याचा पत्राच मुळी पस्तीस मायक्रॉनांचा असतो. एवढ्याशा थरावर सगळा संसार. तो थर झाला तर सोल्डर नांदलं, नाही झाला तर नुसतं शेजारी राहिलं.

जुनी माणसं घागरीला किंवा बांगडीला ‘डाग देऊन आणा’ म्हणत. सोल्डरिंगला मराठीत यापेक्षा चांगला शब्द मला सापडलेला नाही, पण कारखान्यात तो वापरला तर पोरं कपड्यावरचा डाग समजतात. असो.

ड्रायचा जन्म दोन-तीन सेकंदांत होतो, आणि त्याच्या जन्माला प्रत्येक वेळी कोणीतरी घाईत असतं. कॉम्पोनंट वर्षभर दमट कपाटात पडलेला, पाय काळा पडलेला, तो ब्लेडने खरवडायचा कंटाळा. आयर्नचं बिट काळं झालेलं, ओल्या स्पंजवर पुसायचा कंटाळा. बोर्डावरचा अर्थचा पाय मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो, पण शेजारच्या बारीक पायाला जेवढा वेळ दिला तेवढाच त्यालाही. सोल्डर वितळलं की झालं असं वाटतं. वितळलं ते बिटाच्या उष्णतेने. पाय तर अजून गारच आहे. मग फुंकर मारणारे असतात. जणू पोराच्या हातावर चटका बसलाय अशा मायेने ते सांध्यावर फुंकतात, थिजता थिजता तो हलतो, आणि आत एक रेघ राहून जाते. आणखी एक जात म्हणजे सोल्डर वाहून नेणारी. बिटाच्या टोकावर आधी थेंब घ्यायचा, तो चमच्याने औषध पाजावं तसा सांध्यावर नेऊन ठेवायचा. तोवर राळ जळून धूर होऊन गेलेली. मी याच जातीचा होतो. एका हाताने काम होतं, दुसरा हात मोकळा राहतो, आणि सांधा वरून दिसतो झकास.

मास्तरांच्या टीव्हीची गोष्ट इथेच सांगायला हवी. मास्तर आमच्या दुकानापासून चार बोळ पलीकडे राहायचे. निवृत्त, एकटे, आणि रविवारी सकाळी रामायणाच्या वेळी त्यांच्या खोलीत सगळा वाडा. टीव्ही वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट, दोन बाजूंना सरकत्या शटरचा. तक्रार अशी, की लावल्यावर अर्ध्या तासाने चित्र जातं, आवाज राहतो. “वाल्मीकींनी ऐकण्यासाठीच लिहिलं म्हणा,” मास्तर म्हणाले, “पण पोरं ऐकत नाहीत.”

मी घरी जाऊन मागचं झाकण उघडलं. पिक्चर ट्यूबला पंधरा-अठरा हजार व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला आम्ही एलओटी म्हणतो. त्याचा एक पाय मळकट दिसला. पिशवीत पंचवीस वॅटची सोल्ड्रॉन आयर्न होती. तो पाय तिथल्या तिथे पुन्हा मारून दिला. चित्र आलं, तासभर थांबलो, चहा झाला. पुढच्या रविवारी पुन्हा आवाजी रामायण. दुसऱ्या खेपेला मी एक कंडेन्सर बदलला. तिसऱ्या खेपेला टीव्ही हातगाडीवर घालून दुकानात आणला आणि झाकण काढून दोन दिवस चालू ठेवला. अठ्ठेचाळीस तासांत एकदाही चित्र हललं नाही. घरी पोचवला, आणि संध्याकाळीच मास्तरांचा निरोप.

ड्रायचा हा सगळ्यात जुना स्वभाव. डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकलं की दाढदुखी थांबते, तसा तो दुकानात आला की शहाणा होतो. यात जादू काही नाही. बंद पेटीत उष्णता साठते, सांधा फुलतो, फट उघडते. झाकण काढलं की वारा लागतो, सांधा गार राहतो, फट मिटते. आपण त्याला पाहायला जातो तेव्हा तो बरा होतो, तो आपल्या पाहण्यामुळेच. म्हणून काका टीव्हीवर घोंगडी पांघरत. खरंच, दुकानात एक काळी घोंगडी त्याच कामासाठी ठेवलेली होती, आणि नव्या गिऱ्हाइकाला वाटे टीव्हीला हुडहुडी भरलीय. पुढे गारठवणारा स्प्रे मिळू लागला. त्याचा फवारा एकेका भागावर मारायचा आणि चित्र कुठे बदलतं ते पाहायचं. त्याहून स्वस्त पेन्सिल. तिच्या मागच्या टोकाने बोर्डावर हळूहळू टकटक करत जायचं. आधी बोर्डावर कुठेही टकटक केली तरी चित्र हलतं, कारण बोर्ड हादरतो. मग हात आणखी हलका करायचा. शेवटी अशी जागा येते की नुसतं टेकवलं तरी तो दचकतो. हे काम घाईच्या माणसाचं नव्हे.

मीटरवर भरवसा ठेवू नये, हे मात्र मी उशिरा शिकलो. मीटर त्याला एकच प्रश्न विचारतो: इकडून तिकडे जाता येतं का? आताचा डिजिटल मीटर तर मिलिअँपिअरभर करंट सोडतो आणि खुशीत पीप करतो. केसाएवढ्या जागी धातू धातूला टेकला असेल तरी उत्तर ‘हो’च. टीव्ही चालू झाला की त्याच जागेतून अँपिअरच्या हिशेबाने करंट जायचा असतो, आणि एलओटीच्या बाबतीत तो सेकंदाला १५,६२५ वेळा वरखाली होत असतो. ‘ओळखतोस का’ म्हटल्यावर हो म्हणणारा आणि ‘पैसे उसने दे’ म्हटल्यावर न ओळखणारा, असा त्याचा व्यवहार.

सगळेच ड्राय जन्मजात नसतात. काही चांगल्या घरचे असतात आणि वयाने बिघडतात. टीव्हीत चित्र उभं ताणणारी जी आयसी असते, ती चांगलीच तापते. तिचे पाय, खालचा तपकिरी बोर्ड आणि मधलं सोल्डर हे तिघेही तापल्यावर फुगतात, पण सारखे फुगत नाहीत. तांबं एका अंशाला दहा लाखांत सतरा भाग वाढतं. आयसीच्या आतल्या सिलिकॉनची वाढ त्याच्या निम्म्याहूनही कमी. रोज संध्याकाळी टीव्ही लागतो, रात्री बंद होतो. रोज एकदा ताण, एकदा ढील. चार-पाच वर्षांनी त्या पायाभोवती एक बारीक काळं कडं उमटतं, वाटीत ठेवलेल्या वाटीसारखं. आयग्लास डोळ्याला लावल्याशिवाय दिसत नाही. त्या दिवसापासून पडद्यावर फक्त एक आडवी पांढरी रेघ. याला मी ड्राय म्हणत असलो तरी मनात त्याच्याबद्दल राग नसतो. तो झिजला आहे. थाप मारणारे वेगळे आणि थकलेले वेगळे.

टीव्हीची दुकानं बसली तसा मी भोसरीला एका असेंब्ली युनिटमध्ये लागलो, टच-अप आणि रिवर्कच्या टेबलावर. तिथे ड्रायचं सगळं गणगोत भेटलं. दोन पायांमध्ये पूल बांधून शॉर्ट करणारा. पोटात वायू धरून फुटणारा. टीचभर चिपच्या एका टोकाचं सोल्डर आधी वितळलं की तिला ओढून ताठ उभी करणारा, त्याला टूमस्टोन म्हणतात. थडग्याच्या दगडासारखी ती बोर्डावर उभी राहते. ही मंडळी उघडी गुंड आहेत, कॅमेऱ्यात दिसतात. लाइनवरच्या ताई लांबूनच लाल बाणाचं स्टिकर चिकटवून मोकळ्या होतात. ड्रायला बाण लागत नाही.

तिथली तपासणी तर त्याच्या पथ्यावरच पडायची. जिग म्हणून एक यंत्र असतं, शेकडो टोकदार स्प्रिंगच्या खिळ्यांची गादी. बोर्ड त्यावर ठेवून वरून दाबायचा, म्हणजे प्रत्येक खिळा आपापल्या जागी टेकतो आणि संगणक तपासतो. शरपंजरी पडलेल्या भीष्मासारखा बोर्ड त्यावर पडून असतो. आता ज्या फटीने घोटाळा व्हायचा ती फट या दाबाने मिटते. हिरवा दिवा लागतो. बोर्ड खोक्यात जातो, ट्रकमधून हादरत कुठेतरी पोचतो, आणि दोन महिन्यांनी परत येतो. परत आल्यावर आम्ही काय करायचो? पुन्हा जिगवर ठेवायचो. पुन्हा हिरवा दिवा. कागदावर लिहायचं, ‘दोष आढळला नाही’. असा एक बोर्ड तीन वेळा परत आलेला मला आठवतो. तिसऱ्या खेपेला एका ताईंनी तो हातात घेतला, दोन्ही टोकांना धरून पापड मोडतो का बघावा तसा अगदी किंचित वाकवला, आणि दिवा विझला.

मग २००६ आलं. १ जुलैपासून युरोपात विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाला बंदी झाली. आमचा माल तिकडे जायचा, त्यामुळे आमच्याही भांड्यातलं सोल्डर बदललं: कथील साडेशहाण्णव टक्के, चांदी तीन, तांबं अर्धा. वितळायला २१७ अंशांच्या पुढे जावं लागे. शिसं विषारी आहे, बंदी हवीच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या नव्या सोल्डरचा सांधा चांगला असला तरी मुळातच मंद, दाणेदार दिसतो. आमची आयुष्यभराची शिकवण एका ओळीची होती: चकाकतो तो चांगला, मळकट तो ड्राय. लाइनवरच्या अनुभवी बायका चांगल्या सांध्यांना बाण लावू लागल्या. टच-अपवाले त्या धडधाकट सांध्यांना पुन्हा तापवू लागले, आणि दर तापवण्याने तो मघाचा मायक्रॉनभर थर जाड होऊन ठिसूळ होतो. म्हणजे ड्राय नव्हता तिथे आम्ही त्याला बोलावून आणत होतो. भिंतीवर नवे फोटो लावावे लागले: चमक बघू नका, कड बघा; सोल्डर चकतीच्या काठाशी कसं भेटलंय ते बघा. काकांची सोंड पुन्हा कामी आली.

त्याच्यावर खोटे आळही आलेत, हेही सांगितलं पाहिजे. मोठ्या चिपांना आता पाय नसतातच. पोटाखाली सोल्डरच्या शेकडो गोळ्या असतात आणि चिप त्यांवर बसते. सांधे चिपखाली दडलेले, एक्स-रेशिवाय दिसत नाहीत. २००५ साली आलेला एक्सबॉक्स ३६० हा खेळाचा डबा तीन लाल दिवे लावून मरू लागला, तेव्हा जगभर सगळ्यांनी बोट दाखवलं ते या गोळ्यांकडे. लोकांनी डबे टॉवेलात गुंडाळून तापवले. काही उठूनही बसले, थोडे दिवस. मायक्रोसॉफ्टने २००७च्या जुलैत वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी अब्जाहून अधिक डॉलर बाजूला काढले. पुढे २०२१च्या एका माहितीपटात त्यांच्याच माणसाने सांगितलं, की तुटत होते ते चिपच्या आतले जोड, बोर्डावरचे नव्हेत. पुन्हा पुन्हा तापण्या-निवण्याने. आपल्याकडे लॅपटॉपची चिप हीटगनने भाजून ‘ड्राय काढून देतो’ म्हणणारी दुकानं अजून आहेत. महिनाभर चालतो. त्या महिन्याला दुरुस्ती म्हणायचं की मुदतवाढ, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक हकिगत मात्र मी नव्या पोरांना सांगताना आवाज खाली घेतो. २८ डिसेंबर २०१४ला सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं एअरबस ए-३२० विमान जावा समुद्रात पडलं. १६२ माणसं होती, एकही वाचलं नाही. वर्षभराने इंडोनेशियाच्या तपास समितीचा अहवाल आला. विमानाच्या शेपटातलं सुकाणू किती वळू द्यायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेतल्या इलेक्ट्रॉनिक भागात सोल्डरच्या सांध्याला तडा होता. एका चॅनेलला होता आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या चॅनेललाही. तड्याने विमान पडलं असं अहवाल म्हणत नाही. तडा फक्त इशारा देत होता, आणि तो इशारा स्वतः धोक्याचा नव्हता. पण त्या उड्डाणात तो चार वेळा वाजला. तीन वेळा वैमानिकांनी पुस्तकाप्रमाणे केलं. चौथ्यानंतर जे झालं ते सर्किट ब्रेकर ओढून पुन्हा बसवल्यासारखं होतं. ऑटोपायलट सुटला, विमान कलंडलं, आणि मग ते सावरलं गेलं नाही. मला छळतो तो दुसराच आकडा. त्या आधीच्या वर्षभरात त्याच यंत्रणेच्या तक्रारी देखभालीच्या नोंदीत तेवीस वेळा आल्या होत्या. आला, पाहिलं, तपासणीत ठीक निघाला, सोडला. तेवीसदा. ही भाषा मला ओळखीची आहे. मी भोसरीत तीच लिहीत होतो.

मास्तरांच्या टीव्हीची गोष्ट अर्धवट राहिली. चौथ्या खेपेला तो दुकानात आला तो शनिवारी दुपारी, आणि मास्तर स्वतः हातगाडीबरोबर चालत आले. काही बोलले नाहीत. दाराशी उभे राहून एवढंच म्हणाले, “उद्या मी वाड्यातल्या पोरांना येऊ नका सांगू का?” काका म्हणाले, “मास्तर, तुम्ही घरी जा. रात्री मी पोचवतो.”

घोंगडी पांघरून टीव्ही लावला. पाऊण तासाने चित्र गेलं. काकांनी मला बोर्डाची मागची बाजू दिसेल असा तो वळवायला सांगितला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ट्यूबलाइट बंद केली. “हात खिशात घाल,” म्हणाले. एलओटीजवळ कोणी बोट नेऊ नये म्हणून ही त्यांची सक्ती. अंधारात आधी फक्त पिक्चर ट्यूबच्या मानेतलं तांबूस तेज दिसत होतं. मग डोळे सरावले. बोर्डाच्या एका कोपऱ्यात, उदबत्तीच्या टोकाहूनही बारीक, एक निळी ठिणगी बसली होती. थरथरत होती. कान जवळ नेला तर बारीक चरचर.

ती कुठल्या पायाशी होती हे मला दिवा लागायच्या आधीच कळलं. गेले तीन आठवडे मी सगळा बोर्ड शोधला होता, तेवढा एक सांधा सोडून. कारण तो मीच केला होता, आणि तो बोर्डातला सगळ्यात चकचकीत सांधा होता.

काकांनी टीव्ही बंद करून प्लग काढला, ट्यूबमधले उरलेले व्होल्ट अर्थच्या तारेने उतरवले आणि सकर माझ्या हातात दिला. सोल्डर ओढून घेतल्यावर खाली पाय दिसला. काजळीसारखा काळा. माझ्या सोल्डरने त्याला कुठेही शिवलेलं नव्हतं, वर नुसती चांदीची टोपी घातली होती. पंचवीस वॅटच्या आयर्नने तो जाड पाय कधी तापलाच नव्हता, आणि मी थेंब वरून आणून ठेवला होता. काकांनी आयग्लास लावून पाहिलं आणि तो माझ्या डोळ्याला दिला. त्यांनी साठ वॅटची आयर्न लावली, राळेची डबी पुढे सरकवली आणि ब्लेड दिलं. मी पाय तांब्याचा होईस्तोवर खरवडला. बिट पायाला आणि चकतीला दोन्हीकडे टेकवून धरलं, आणि थांबलो. “अजून,” काका म्हणाले. “अजून. आता दे.” तार लावली तशी ती बिटाकडे आली नाही, पायाकडे वळली, आणि एकदम सगळीकडे पसरली.

टीव्ही रात्री साडेदहाला हातगाडीवर चढला. निघताना काकांनी बिलाचं पुस्तक उघडलं. तारीख घातली, मास्तरांचं नाव लिहिलं, ‘ड्राय, एक’ असं लिहिलं. रकमेच्या रकान्यात पेन थोडा वेळ थांबला. मग तिथे त्यांनी माझं नाव लिहिलं, पान फाडून माझ्या खिशात ठेवलं आणि पाठीवर एक थाप मारली.